गावची ज्वारी आणि अन्नाची शाश्वती



चारठाण्याची कीर्ती बाहेर आहे ती येथील प्राचीन देवळांमुळे आणि बारवेमुळे. गावाचे नाव कशावरून पडले हा वाद विद्वानांनी मिटवावा. आम्ही मात्र आज त्या नावाचा निराळाच उपयोग करून घेणार आहोत. शेतकऱ्याच्या घरात अन्न येते ते चार ठाण्यांवरून : शिवार, गोठा, कणगी आणि बाजार. यांपैकी पहिली तीन ठाणी घरची, चौथे परक्याच्या ताब्यातले. गेल्या दोन पिढ्यांत आपण पहिली तीन हळूहळू सोडली आणि सारी भिस्त चौथ्यावर टाकली. ती परत मिळवणे हे एकट्या-दुकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. ते गावाचे काम आहे. हाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय.

अन्नाची शाश्वती म्हणजे देशात पुरेसे धान्य असणे, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, धान्य असूनही माणसे उपाशी मरतात, कारण ते मिळवण्याचे साधन त्यांच्या हाती उरलेले नसते. मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळात येथल्या माणसांना तारले ते खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामावर मिळालेल्या मजुरीने, सुकडीने आणि परदेशातून आलेल्या मिलोने. रोजगार हमीचे तत्त्व त्या अनुभवातून रुजले आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. मजुरीमुळे माणसे जगली हे खरे. पण ज्याचे शिवार रिकामे त्याला दुसऱ्याच्या धान्याची वाट पाहावी लागते, हा धडाही त्याच साली मिळाला.

आता आपले जुने शिवार कसे होते ते पाहू. ज्वारी हे नुसते धान्य नव्हते. दाणा माणसाला, कडबा जनावराला, जनावराचे शेण पुन्हा जमिनीला, असा तो फेरा होता. ज्वारीच्या काकऱ्यांत तूर असे. तिचे मूळ खोल जाते, हवेतला नत्र जमिनीत आणते, आणि पाऊस लवकर गेला तरी ती तग धरते. खरिपात मूग, उडीद, अंबाडी. रब्बीत काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारी टपोरी ज्वारी आणि हरभरा. पीक आले की वाड्यात बळद भरे, घरोघर कणगी लिंपली जाई, जास्तीचे धान्य पेवात जाई. एक साल बुडाले तरी मागचे साल घरात असे. त्या काळी सुबत्ता होती असे आम्ही म्हणत नाही. दारिद्र्य होते आणि भूकही होती. परंतु जे होते त्याचा फेरा पुरा होता.

हा फेरा तुटला तो कोणाच्या मूर्खपणामुळे नव्हे. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि उत्पन्न वाढले. देशाला त्या दाण्याची गरज होती. पण खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी येते, तो काळा पडतो, आणि काळ्या ज्वारीला बाजारात कोणी विचारीत नाही. पुढे सोयाबीन आले. शंभर दिवसांत हाती येणारे, दाण्याला पाखरू न लागणारे, मळणी यंत्रातून झटपट निघणारे आणि दिवाळीच्या तोंडावर रोकड देणारे पीक शेतकऱ्याने का घेऊ नये? त्याने ते घेतले, आणि हिशेबाला धरून घेतले. त्याला दोष देणाऱ्यांनी एकदा स्वतः ज्वारीची राखण करून पाहावी.

पण या हिशेबात काही रकमा मांडल्या गेल्या नाहीत. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. कडबा गेला, बैल परवडेना, शेणखत दुर्मिळ झाले आणि जमिनीतला सेंद्रिय अंश घटला. अशी जमीन पावसाचे पाणी धरीत नाही. दोन आठवड्यांची उघडीप पडली की पीक माना टाकते. शिवाय सोयाबीन आपण खात नाही. त्याचे तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्यांना जाते, आणि आपण पैसे घेऊन दुकानात पीठ आणायला जातो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; बाजारात अनेक ठिकाणी माल त्याहून खाली विकला गेला. भाव पडला की त्याच दिवशी घरातली भाकरीही महाग होते, असा हा परक्या ठाण्याचा कारभार आहे.

कोणी म्हणेल, स्वस्त धान्याचे दुकान आहे ना? आहे, आणि ते असलेच पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. परंतु कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर ५ किलो दहा दिवस पुरते. उरलेले वीस दिवस कोणाचे? आणि त्या हक्कात डाळ नाही. म्हणजे पोट काही अंशी भरते. पोरांच्या अंगी बळ येण्याची व्यवस्था घरालाच करावी लागते.

मग ज्वारी पुन्हा पेरावी म्हणजे झाले, असे म्हणणे सोपे आहे. अडचण कोठे आहे ते आपण जाणता. शिवारात सगळीकडे ज्वारी असे तेव्हा पाखरांचा वाटा साऱ्यांत विभागला जाई. आज एकट्याने दोन एकर पेरली की पंचक्रोशीतली पाखरे त्याच रानावर उतरतात, आणि रात्री रानडुकरे येतात. गोफण घेऊन माळ्यावर बसायला माणूस नाही, काढणीला मजूर नाही. यास्तव आमचे म्हणणे असे की, ज्वारी हे एकट्याचे पीक राहिलेच नाही. एका अंगाच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी लागून असलेल्या रानात, एकाच आठवड्यात, थोडी थोडी पेरावी. राखण पाळीपाळीने करावी. काढणी सावडीने करावी. येथली बारव कोण्या एका घराने एकट्याने बांधलेली नाही. तिच्यासाठी पुष्कळ हात लागले, आणि पाणी पुष्कळांच्या कामी आले.

सोयाबीन सोडा, असे आम्ही सांगत नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. एक बुडाले तर दुसरे उभे राहील, आणि डाळ घरची होईल. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी केल्यास जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि उघडिपीत तीच सरी ओल राखते. सोयाबीनचे बियाणे घरचे चालते. मात्र त्याचे साल नाजूक असते, पोती आपटू नयेत, आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून सत्तर तरी उगवतात की नाही ते पाहावे. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्याच परभणीत आहे. रब्बीसाठी ‘परभणी मोती’, आणि २०१८ साली आलेली, लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’, हे ज्वारीचे वाण तेथलेच. बियाणे मागायला दूर जाण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट ग्रामसभेच्या हाती आहे. अन्नसुरक्षेच्या कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे. आपल्या दुकानात आपल्याच जिल्ह्याची ज्वारी यावी आणि ती आधारभावाने येथेच खरेदी व्हावी, अशी मागणी गावाने ठरावाने करावी. राखणारे हात आणि घेणारे गिऱ्हाईक, दोन्ही असतील तरच ज्वारी शिवारात टिकेल. नुसत्या उपदेशाने टिकणार नाही.

मृग आता फार दूर नाही. पेरणीचे बेत याच दिवसांत ठरतात. आपण घरी गेल्यावर शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला इतकेच विचारावे : “येत्या रब्बीत लागून ज्वारी पेरायची का?” त्या प्रश्नाला दहा होकार मिळाले, तर कणगीचे ठाणे आपण परत घेतलेच म्हणून समजा, कडब्याच्या वाटेने गोठ्याचेही मागोमाग येईल.