गहू सोडण्यापूर्वी रक्त तपासा



वैद्यकातील विषयावर माहिती खात्यातील कलाशाखेच्या पदवीधराने बोलावे, हे धाडसच आहे. परंतु या आजाराची पहिली शंका दवाखान्यापेक्षा शाळेच्या उंचीवजनाच्या नोंदवहीतच येण्याचा संभव असतो. म्हणून हे धाडस.

एखादे मूल वयाच्या मानाने खुजे राहते. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वरचेवर जुलाब. दुसऱ्या एखाद्याला जुलाब मुळीच नसतात. असतो केवळ रक्तक्षय, आणि तोही असा की महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या घेऊन हटत नाही. जंत, अपुरा आहार, क्षय ही कारणे आपल्याकडे अधिक आढळतात आणि ती आधी पाहिलीच पाहिजेत. ती नसतील, तर सीलिॲक विकाराचा विचार करावयास हवा.

गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. जवातही तत्सम प्रथिने असतात. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही माणसांच्या शरीराला ते शत्रू वाटते. लहान आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर असतात. या लढाईत ते झिजून सपाट होतात आणि पोटभर जेवूनही माणूस उपाशी राहतो. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांनी उजेडात आणला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला असता, या विकाराची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

प्रतिपिंडे ही शरीराने परक्या जंतूंविरुद्ध घडविलेली शस्त्रे. या विकारात मात्र ती स्वतःच्याच एका विकरावर उलटतात. टिश्यू ट्रान्सग्लुटॅमिनेज हे त्या विकराचे नाव. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ते ओळखले. हा विकर ग्लूटेनच्या तुकड्यांत थोडा बदल करतो आणि तेच तुकडे संरक्षक पेशींना अधिक चिथावतात. या स्वप्रतिपिंडांचा शोध आता रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून लागतो.

आजच्या भाषणाचा खरा मुद्दा येथे आहे. ही प्रतिपिंडे गव्हावर जगतात. गहू बंद झाला की काही महिन्यांत ती ओसरू लागतात, आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. कोणाच्या तरी सल्ल्याने आधीच पोळी सोडलेला रुग्ण तपासणीस गेला, तर अहवाल निर्दोष येण्याचा संभव असतो. मग निदानासाठी त्याला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, म्हणजे दुखणे ओढवून घ्यावे लागते. आणि निदानच नसेल, तर पथ्य टिकत नाही. पहिल्याच लग्नकार्यात पुरणपोळी पानात पडते. हे पथ्य जन्मभराचे आहे. ते ऐकीव माहितीवर सुरू करू नये. हल्ली शहरांतून गहू वर्ज्य करण्याची जी टूम निघाली आहे, तिने या बाबतीत उपकारापेक्षा अपकारच अधिक केला आहे, असे माझे मत आहे.

ही तपासणी निर्णायक आहे असेही नव्हे. नेहमीची चाचणी ‘आयजीए’ वर्गातील प्रतिपिंडे मोजते. काहींच्या शरीरात तो वर्गच जन्मतः नसतो. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी आहे. प्रौढांत निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहतात. आतड्याच्या इतर दीर्घ आजारांत तर रक्ताची साक्ष याहून दुबळी. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या अनेक रुग्णांत पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, सर्वांत नव्हे. क्रोन्सच्या आजारात यीस्टविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. परंतु आपल्याकडे त्या आजाराशी हुबेहूब मिळताजुळता असणारा आतड्याचा क्षय त्यांवरून वेगळा ओळखता येत नाही.

आपल्या देशात हा विकार किती? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ही प्रतिपिंडे उत्तर भारतात शेकडा १.२३, ईशान्येस ०.८७, तर दक्षिणेत अवघ्या ०.१० प्रौढांत आढळली. दक्षिणेत गव्हाचा वापरही कमीच. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत व मुलांत धोका अधिक असतो. म्हणून एकाचे निदान झाले की त्यांचेही रक्त तपासावे.

पथ्याच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्वयंपाकघर भाग्यवान आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. रवा, मैदा, शेवया व बिस्किटे मात्र गव्हाचीच. बाजारातील बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. आणि गावाच्या गिरणीत गव्हावर लगेच ज्वारी दळली, तर तिच्यात गव्हाचे पीठ उतरतेच. गिरणीवाल्याने आधी दुसऱ्या कोणाची ज्वारी काढून मग या घरचे दळण घेतले, तर ते बरेच कमी होते. पूर्ण खात्री हवी असल्यास घरचे जातेच बरे.