सोर नगराचा बांध आणि किनारा



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आम्ही आपणांस पवित्र शास्त्रांतील एका बंदराकडे नेऊं इच्छितों. त्याचें नांव सोर. हल्लीं तें लेबनान देशांत, भूमध्य समुद्रांत शिरलेल्या एका द्वीपकल्पावर वसलेलें आहे. परंतु प्राचीन काळीं तें बेट होतें. उत्तरेस एक व दक्षिणेस एक अशीं दोन बंदरें, सभोंवार उंच तट आणि तटाबाहेर समुद्र. येथील राजा हिराम यानें शलमोनाच्या मंदिरासाठीं गंधसरूचें लांकूड पुरविलें. समुद्रांतील शंखांपासून काढलेल्या जांभळ्या रंगाच्या व्यापारानें नगर धनाढ्य झालें. धनाबरोबर गर्वही वाढला, आणि यहेज्केल संदेष्ट्यानें त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली.

सोरेचा सारा भरंवसा पाण्यावर होता. इ. स. पूर्वीं ३३२ मध्यें शिकंदरानें किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगड समुद्रांत लोटून बांध घातला व सात महिन्यांच्या वेढ्यानंतर नगर जिंकलें. युद्ध संपलें, बांध राहिला. लाटांनीं त्याच्या दोन्ही अंगांस वाळू आणून टाकली आणि बेट भूमीस कायमचें जोडलें गेलें.

याच प्रांतांत प्रभु येशूनें एका परजातीय मातेची विनवणी ऐकली. यरुशलेमेस जातांना संत पौल सोरेंत सात दिवस राहिला. निघतेवेळीं बायकामुलांसह सर्व शिष्य त्यास नगराबाहेर पोंचवावयास आले, आणि सर्वांनीं किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली. छळाचा काळ सरल्यावर, इ. स. ३१५ च्या सुमारास, बिशप पावलीन यानें तेथें भव्य ख्रिस्तमंदिर उभारलें. त्याच्या अर्पणसमारंभीं इतिहासकार युसेबिय यानें दगडी इमारतीहून भाविकांच्या अंतःकरणांचें मंदिर श्रेष्ठ, असें प्रतिपादन केलें. पुढें धर्मयुद्धांच्या काळीं बांधलेल्या महामंदिराचे आज केवळ अवशेष आहेत. परंतु जुन्या बंदराजवळ ख्रिस्ती कुटुंबें अद्याप नांदत आहेत.

बंधूंनो, यंदा आम्हीं मंदिराच्या रंगकामाचा हिशेब पैपर्यंत ठेविला. पोटासाठीं परगांवीं गेलेल्या आपल्या मुलांची यादी मात्र केली नाहीं. ही चूक आमची आहे. आज आपण ती यादी करूं या. यापुढें जो कोणी गांव सोडील, त्याच्या निरोपास सर्वांनीं जावें आणि त्याच्यासह गुडघे टेकावेत. सोरेचे तट पडले. त्या किनाऱ्यावरील प्रार्थना मात्र आपणांपर्यंत पोंचली आहे.