‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?



आज एका इंग्रजी शब्दाविषयी चार गोष्टी सांगतो. शब्द आहे ‘पॉझिटिव्ह’. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हा शब्द घरोघर पोचला.

एरवी लोक म्हणतात, “पॉझिटिव्ह विचार करा.” म्हणजे चांगला, उमेदीचा विचार करा. मग एखाद्या गड्याला वाटतं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. त्याला महिनाभर खोकला आहे. बेडका तपासला. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असं आलं. गडी खुशीत घरी गेला, तर केवढा घोटाळा होईल!

तपासणीच्या कागदावर या शब्दाचा अर्थ ‘चांगलं’ असा नाही. जे शोधलं, ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘निगेटिव्ह’ म्हणजे सापडलं नाही. क्षयाचे जंतू शोधले आणि सापडले, तर पॉझिटिव्ह. बाईला दिवस गेलेत का हे पाहिलं आणि गेलेले असले, तर तेही पॉझिटिव्हच. एका घरी काळजी, दुसऱ्या घरी आनंद. शब्द मात्र एकच!

आपल्या मराठीत नाही का असं? पक्का रस्ता चांगला, पण पक्का चोर? म्हणून विशेषण एकटं वाचू नये. ते कशाला लागलं आहे, हे आधी पाहावं.

रक्तगटाचं आणखी निराळं. ‘ओ पॉझिटिव्ह’, ‘बी निगेटिव्ह’ हे रोग नव्हेत, ती रक्ताची जात आहे. मात्र गरोदर बाईचा गट निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. मुख्यतः पुढच्या बाळाला जपण्यासाठी वेळेवर इंजेक्शन द्यावं लागू शकतं.

आता क्षयाचं नीट ऐका. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. आज त्यावर औषध आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधही फुकट. साध्या क्षयाला बहुधा सहा महिने औषध घ्यावं लागतं. दोन महिन्यांत बरं वाटतं, म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि कागद निगेटिव्ह आला, पण खोकला हटत नाही, तर पुन्हा दवाखान्यात जा.

कागद इंग्रजीत असला, तरी लाजू नका. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. “काय शोधलं होतं? ते सापडलं का?” उत्तर मिळालं, की तिसरा प्रश्न विचारा, “आता मी काय करू?” आणि ते सांगतील ते आपल्या हातानं वहीत लिहून घ्या. लिहायला शिकलात ते याचसाठी!