वाढता संसार आणि घराचा आराखडा

घर बांधावयास निघालेला मनुष्य कागदावर पहिली रेघ ओढतो ती खोलीची. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही निजावयाची, ही मुलांची, आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात देवघर. रेघा पुऱ्या झाल्या की त्या चौकटींत तो आपली माणसे बसवून पाहतो. ज्या दिवशी तो हा नकाशा काढतो त्या दिवशी त्याचे धाकटे मूल पाळण्यात असते, आई चालतीफिरती असते आणि भावाचे लग्न व्हावयाचे असते. घराचे कर्ज फिटेपर्यंत यांपैकी एकही गोष्ट तशी राहिलेली नसते. घर मात्र त्या एका दिवसाचे छायाचित्र होऊन उभे असते.

आपल्या जुन्या वाड्यांत ही अडचण इतकी जाणवत नसे. वाडा मोजला जाई तो खणांनी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. सोपा इतक्या खणांचा, माजघर इतक्या खणांचे, असा हिशेब. आतल्या बाजूला भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असल्यामुळे मधला कूड काढला किंवा नवा घातला तरी वरचे माळवद हलत नसे. दिवसा ज्या माजघरात निवडणटिपण चाले तेथेच रात्री अंथरुणे पडत, आणि घरात बाळंतीण असली की एखादा खण पडदा लावून तिला मिळे. अर्थात मी वाड्याची आरती ओवाळीत नाही. त्या वाड्यांत नांदलेल्या सुनांना विचारले तर दार लावून घेता येईल अशी एक खोली हे केवढे सुख आहे, ते त्या आपल्याला सांगतील. परंतु खणांचा तो हिशेब आपण सोडून दिला आणि त्याच्या जागी दुसरा कोणताच हिशेब आणला नाही, हे मात्र खरे.

मी स्वतः हीच चूक केली. इंदूरला मी घर बांधले ते १९७५ साली. व्यवसायाने मी स्थापत्य अभियंता. आयुष्य पूल आणि रस्ते बांधण्यात गेलेले. त्यामुळे घर म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, अशी माझी समजूत होती. तेव्हा घरात आईवडील, आम्ही दोघे, दोन मुले आणि धाकटा भाऊ. खाली चार खोल्या बांधावयाच्या आणि भावाच्या लग्नाच्या वेळी वर दोन चढवावयाच्या, असा बेत होता. पाया त्या मानाने खोल नेला, लोखंडही पुरेसे घातले. हिशेबात कोठे उणे राहिले नाही. फक्त जिना मी बैठकीच्या खोलीतून वर नेला. एका परदेशी मासिकात तसे चित्र पाहिले होते. वळण घेत वर जाणारा जिना, खाली फुलदाणी. आमच्याकडे त्या जिन्याखाली वडिलांची खाट आली.

भाऊ कापडगिरणीत होता. दुसऱ्या पाळीहून तो मध्यरात्री परत येई. वडिलांना दमा, झोप सावध. दार उघडले की ते जागे होत, दिवा लागला की खोकला सुरू होई. पुढेपुढे भाऊ चपला हातात घेऊन अंधारात जिना चढू लागला. वहिनी तर बैठकीत परकी माणसे बसलेली असली की तासन् तास वरच अडकून पडे; पाणी भरावयाचे असले तरी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती कानोसा घेई. तीन वर्षांनी भावाने दुसऱ्या भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमचे भांडण असे कधी झालेच नाही. त्यामुळे समेटही करता आला नाही. पुढे आठ वर्षांनी मी घराच्या उत्तर बाजूने लोखंडी जिना घातला. त्यावरून भाडेकरू चढले.

याच इंदुरात, शहराबाहेर, ‘अरण्य’ नावाची वसाहत उभी राहिली. तिचे काम १९८९ च्या सुमारास पुष्कळ अंशी आकाराला आले होते. तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी. त्यांचा जन्म १९२७ सालचा, पुण्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि २०२३ साली ते निवर्तले. ‘अरण्या’त सुमारे साडेसहा हजार भूखंड होते आणि त्यांतले बहुसंख्य अत्यंत गरीब कुटुंबांसाठी राखलेले होते. लहानात लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा. तेथे कुटुंबाच्या हाती तयार घर दिलेच नाही. दिले ते जोते, पाणी, मोरी आणि शौचकूप. बाकीचे घर ज्याने त्याने आपल्या कमाईच्या आणि लेकराबाळांच्या बेताने वाढवावयाचे. ते कसे वाढू शकेल हे लोकांना दिसावे म्हणून ८० नमुनेदार घरे तेवढी आधी बांधून दाखविली. या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला.

ती घरे पाहावयास मी मुद्दाम गेलो होतो. ओटा, त्याच्या कडेने रस्त्यावरूनच वर चढणारा अरुंद जिना, वर थोडी गच्ची. साऱ्या घराची जागा आमच्या बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या जागेहून फार मोठी नव्हती. पण वर राहणाऱ्याला खालच्याची झोप मोडण्याचे कारण नव्हते. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिलो.

तेव्हा, श्रोतेहो, ज्यांना आज घर बांधावयाचे आहे त्यांना मी असे सांगेन की खोल्या सावकाश ठरवा. जी गोष्ट पुढे हलविता येत नाही ती आधी ठरवा. पाया हलविता येत नाही. आमची माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वऱ्हाडात आणि मराठवाड्यातही पुष्कळ ठिकाणी हीच माती आहे. अशा जमिनीत जुन्या भिंतीला लागून दहा वर्षांनी नवी खोली काढली तर दोघींचे बसणे सारखे होत नाही आणि सांध्यावर हमखास उभी चीर पडते. म्हणून खोली उद्या बांधावयाची असली तरी तिचा पाया मुरमापर्यंत नेऊन जोते आजच घालून ठेवावे. तोवर त्या जोत्यावर वाळवणे घालता येतात आणि मुले खेळतात. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाटाही तशाच, एकदा पुरल्या की पुरल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच भिंतीला पाठ लावून असावे, आणि वरच्या मजल्याची मोरी बरोबर त्यांच्या डोक्यावर यावी. मग नळ थोडका लागतो आणि गळती कोठे आहे तेही चटकन समजते. जिन्याची जागा दाराच्या बाहेर, पण छपराच्या आत असावी. पश्चिमेला मिळाली तर फारच बरे, कारण तिसऱ्या प्रहराचे ऊन मग जिन्याची भिंत सोसते, निजण्याची खोली नव्हे. पुढल्या मजल्यासाठी गच्चीवर सळया उघड्या सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. चार पावसाळ्यांत त्या गंजतात. त्यांच्यावर हलक्या काँक्रीटचे टोपण घालावे. ते पुढे फोडणे गवंड्याला जड जात नाही.

खोलीच्या आकाराबद्दल थोडे. राहण्याची मुख्य खोली निदान साडेनऊ चौरस मीटरांची असावी आणि तिची रुंदी २.४ मीटरांहून कमी नसावी, असे आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. एवढ्या खोलीत पलंग, कपाट आणि अभ्यासाचे टेबल बसते. मात्र दारे भलत्याच ठिकाणी ठेवली तर याच्या दुप्पट खोलीतही ती बसत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध दोन दारे ठेवली की त्या खोलीचा रस्ता झालाच म्हणून समजावे.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात वाढती घरे रचली. एका लहानशा चौकाभोवती सात घरे, आणि कोणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. एकाने घर वाढविले तर दुसऱ्याला ओरखडाही पडू नये, असा त्यात हेतू होता. लोकांनी घरे वाढविली, कित्येकांनी तर मूळचे घर पाडून तेथे मजल्यांवर मजले चढविले. कोरियांच्या चाहत्यांना त्याचे दुःख होते. मला तितकेसे होत नाही. घर वाढावे म्हणूनच ज्याची रचना केली ते वाढले, आता त्याचे रूप आपल्या आवडीचे नाही एवढ्यावरून रुसावयाचे कशाला?

संसार वाढतो तसा तो ओसरतोही, आणि याकडे नकाशा काढताना कोणीही पाहत नाही. आमच्या घरी आज आम्ही दोघेच आहोत. मुलगा बंगळुरास, मुलगी त्याहून दूर. लहानपणी दोघांना वेगवेगळ्या खोल्या हव्यात म्हणून घातलेली भिंत मी गेल्या वर्षी काढावयास निघालो, तेव्हा मिस्त्री म्हणाला की तिच्यावर वरची भिंत उभी आहे, हिला हात लावता येणार नाही. न्हाणीघराचे दार सव्वादोन फुटांचे. पत्नीचे गुडघ्याचे दुखणे वाढल्यापासून तिची चालण्याची चौकट त्यातून आडवी करून न्यावी लागते. तीन फुटांचे दार ठेवले असते तर त्या वेळी कितीसा खर्च वाढला असता? पण तेव्हा पत्नी तीस वर्षांची होती.

यंदा दिवाळीनंतर पुतण्या माझ्याकडे आला. शहराच्या कडेला त्याने जागा घेतली आहे, आणि नकाशा काकांनी एकदा पाहावा अशी त्याची इच्छा होती. कागदावर पाहून मी काही बोललो नाही. त्याला म्हटले, दोन पोती फक्की घेऊन चल. आम्ही जागेवर गेलो आणि साऱ्या नकाशाची जमिनीवर खऱ्या मापात आखणी केली. जेथे दार तेथे रेघ तोडली, पलंगाच्या जागी शेजारच्या चौकीदाराची खाट आणून टाकली. सूनबाई त्या पांढऱ्या रेघांतून स्वयंपाकघरातून मोरीकडे, मोरीतून अंगणात, अशी हिंडली आणि दोन ठिकाणी तिने पायाने रेघ पुसून टाकली. अर्ध्या तासात जे समजले ते कागदावर मला महिनाभरात समजले नसते.

भाऊही आला होता. आता त्यालाही काठी लागते. तो आखणीच्या आत आला नाही. रस्त्याच्या बाजूने कडेकडेने चालत गेला आणि उत्तरेच्या कोपऱ्यावर, जेथे फक्कीच्या बारीक आडव्या रेघा होत्या, तेथे थांबला. काठीच्या टोकाने त्याने त्या रेघा एकेक करून मोजल्या. मग मुलाकडे वळून विचारले, “हा बाहेरूनच आहे ना?”