कामगाराचा हात आणि १८८४ सालची एक मागणी



१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली, आणि तो इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु त्याच निवेदनातील आणखी एका मागणीची आठवण क्वचितच काढली जाते. काम करताना जबर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती. १४० वर्षे उलटून गेली, तरी ती पुरी झालेली नाही.

याचा पुरावा आज हरियाणात दिसतो. फरिदाबाद, गुरुग्राम, मानेसर या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेला तरुण तेथे ठेकेदाराच्या हाताखाली पॉवर प्रेसवर उभा राहतो. पत्रा डायवर ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचे, हीच क्रिया पाळीभर चालते. हात आत असेल तर प्रेस खाली येऊ न देणारा सेन्सर उपलब्ध आहे. परंतु तो बसवण्यास खर्च येतो आणि बिघडल्यास दुरुस्तीसाठी यंत्र थांबवावे लागते. नफ्याच्या हिशेबात यंत्राचे थांबणे महाग आणि बोट स्वस्त ठरते. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या अहवालांतून या तुटलेल्या बोटांची नोंद करीत आली आहे. मालक मात्र प्रत्येक अपघाताला ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हेच नाव देतो.

अशा वेळी जखमी कामगाराने व त्याच्या सोबत्यांनी काय करावे? तुटलेले बोट स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. रुग्णालयात विलंब न लावता पोहोचावे. त्याच दिवशी एकाने अपघाताची वेळ, यंत्र व साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत आणि कोऱ्या कागदावर अंगठा वा सही देऊ नये. जखम भरली म्हणजे उपचार संपले असेही नव्हे. व्यायाम व फिजिओथेरपी न मिळाल्यास वाचलेली बोटेही आखडतात. खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून गावी परतलेल्या कामगाराचा हात नेमका येथेच निकामी होतो.

पुढचा प्रश्न भरपाईचा. कामगार राज्य विमा योजनेखालील कामगारास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम, आणि कायम अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार आजन्म निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी झालेला अपघातही चालतो. म्हणूनच अनेक ठिकाणी कामगाराचे विमा कार्ड अपघातानंतर घाईघाईने काढले जाते. जो विम्याबाहेर आहे, त्याला नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करता येतो. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाची सुटका होत नाही.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने हाताचे कोष्टकच मांडले होते: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४ टक्के, करंगळी ७ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात त्याचे नुकसान १०० टक्के मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हानी हाडामांसाची मोजायची नसून त्या माणसाच्या धंद्याची मोजायची, हे तत्त्व प्रत्येक युनियन कार्यकर्त्याला अवगत असले पाहिजे.

तरीही लोखंड्यांच्या मागणीचा उत्तरार्ध शिल्लकच राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही; खाजगी कारखान्यातील कामगाराला त्या कलमाचे असे संरक्षण नाही. तो दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला की सुपरवायझर प्रथम त्याचा हात पाहतो आणि त्याला परत पाठवतो. ज्या हाताने कारखान्याचा माल घडवला, तोच हात आता त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

म्हणून प्रत्येक मागणीपत्रात यापुढे तीन कलमे असलीच पाहिजेत: प्रत्येक प्रेसवर चालू सेन्सर, प्रत्येक ठेका कामगाराला पहिल्या दिवसापासून विमा कार्ड, आणि जखमी कामगाराला त्याच कारखान्यात झेपेल असे काम. परळच्या सभांतील कामगारांनी हे मागितले, तेव्हा त्यांच्यापाशी ना कायदा होता ना नोंदणीकृत युनियन. आज दोन्ही आहेत. अपुरी राहिलेली ती मागणी पुरी करून घेणे हे आजच्या चळवळीचे कर्तव्य आहे.