विद्यार्थ्यांची माहिती आणि शिक्षकांची जबाबदारी

(वैराग येथील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचे जनरल रजिस्टर किती जपावयाचे असते, हे वैराग परिसरातील जुन्या मुख्याध्यापकांना सांगावयास नको. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख त्यात असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असे. आज तोच मजकूर, शिवाय आधार क्रमांक व पालकांचा मोबाईल क्रमांक, संगणकावरील प्रणालींत भरला जातो. शासनास तो हवा असतो तो योग्य कारणासाठीच. पाठ्यपुस्तके व शिष्यवृत्ती यांचा हिशेब त्याविना लागत नाही. तथापि या नव्या कपाटाच्या किल्ल्या किती व कोणाकोणापाशी, हे शिक्षकास ठाऊक नसते.

केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या साधनाचे उदाहरण घ्यावे. 2020 च्या टाळेबंदीत खेड्यापाड्यांतील शिक्षकांनी ते वापरले. सुमारे 10 लाख शिक्षकांची व 6 लाख विद्यार्थ्यांची माहिती असलेला त्याचा एक साठा बंदोबस्ताविना उघडा राहिल्याचे जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. साधन शासनाचे, साठवण मात्र खाजगी कंपनीच्या यंत्रावर! ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी 49 देशांतील 163 शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा बहुसंख्य साधनांतून मुलांची माहिती जाहिरातीचा धंदा करणाऱ्यांच्या हाती जात असल्याचे तिला आढळले.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. मुलाचे नाव, इयत्ता व शाळा अचूक सांगून कोणी ‘शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे, आलेला आकडा सांगा’ असा फोन केला, तर शेतात राबणारी माउली त्यावर विश्वास ठेवणारच. तिच्या खात्यातील पैसे जातात ते अशा वेळी.

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, हा निर्णय 26 सप्टेंबर 2018 चा. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही.

केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर वर्गाच्या आधारकार्डांची छायाचित्रे टाकण्याची रीत तात्काळ बंद व्हावी. ती घाईपोटी पडली हे खरे; पण त्या गटात कोण कोण आहे, हे कितीदा पाहिले जाते? झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर यादी उघडल्यास ती पुसूनच उठावे. खाजगी शिकवणीचा वा पुस्तकांचा प्रतिनिधी पटाची यादी मागू लागला, तर त्याला चहा द्यावा, यादी देऊ नये.

‘अपार’ क्रमांकाचे संमतीपत्र हा तर रोजचाच विषय. पन्नास कागद पुढे सारून अंगठे घेणे म्हणजे संमती नव्हे. पालकसभेत ते मराठीतून वाचून दाखवावे, कोणती माहिती कोठे जाणार ते सांगावे. एखाद्या पालकाने नकार दिल्यास तो नकार तसाच लिहून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाची हजेरी नेहमीप्रमाणे घ्यावी.