मान आणि कान

मान आखडली म्हणून कानाला दडे बसले. मान मोडून घेतली कीं कान मोकळा होईल, असें आपल्याकडे सहज बोललें जातें. केशकर्तनालयांत दाढी आटोपल्यावर कारागीर चंपी करतो, हनुवटीला व डोक्याला हात लावून एक झटका देतो, कड् असा आवाज होतो, आणि गिऱ्हाइकाला क्षणभर हलकें वाटतें. मोठ्या शहरांतून अशाच तऱ्हेचें काम आतां शास्त्रीय नांवानें चालतें. त्या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. 'हात' आणि 'क्रिया' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हें नांव बनलें आहे. हातानें दाबून किंवा झटका देऊन मणके जागेवर बसविणें हा तिचा गाभा. या उपायानें ऐकूं न येणाऱ्यास ऐकूं येईल काय, एवढ्याच प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

नवल असें कीं, या पद्धतीचा जन्मच मुळीं एका बहिऱ्या माणसापासून झाला. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत डॅव्हनपोर्ट नांवाचें शहर आहे. तेथें डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ चुंबकोपचार करीत. त्यांच्या इमारतींत हार्वे लिलार्ड हा झाडलोटीचें काम करी. १७ वर्षांपूर्वी वांकून जोर लावीत असतां पाठींत कांहींतरी सरकल्यासारखें झालें आणि तेव्हांपासून आपल्याला ऐकूं येईनासें झालें, असें त्यानें सांगितल्याचें पामर यांनीं लिहून ठेविलें आहे. १८९५ सालच्या सप्टेंबरांत पामर यांनीं त्याच्या पाठीचा मणका दाबून बसविला आणि त्याला पूर्ववत् ऐकूं येऊं लागलें, असें त्यांचें म्हणणें. लिलार्डच्या मुलीनें मात्र पुढें निराळीच हकीकत सांगितली. विनोदाच्या भरांत पामर यांनीं हातांतल्या जाड पुस्तकानें वडिलांच्या पाठीवर थाप मारली, आणि कांहीं दिवसांनीं वडिलांना थोडें बरें ऐकूं येऊं लागलें, असें ती म्हणे. दोन हकीकती जुळत नाहींत. आणि जुळल्या असत्या तरी एका माणसाच्या अनुभवावर उपचाराची इमारत उभी राहत नाहीं.

शरीररचना काय सांगते तें पाहूं. आंतल्या कानांत शंखासारखी एक वेटोळी नळी आहे. तींत सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचें कंपन त्या टिपतात. तेथून निघालेला श्रवणतंतु कवटीच्या आंतूनच सरळ मेंदूच्या देठाकडे जातो. मानेंत तो उतरतच नाहीं, तेव्हां मानेच्या मणक्याखालीं तो दबण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. मेलेल्या केशपेशी मनुष्यांत पुन्हा उगवतही नाहींत. म्हणून वयानें किंवा यंत्रांच्या गोंगाटानें आलेला बहिरेपणा मानेच्या झटक्यानें जात नाहीं.

मग मानेचा व कानाचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो दुहेरी आहे. मानेच्या वरच्या भागांतील संवेदनातंतूंचे धागे मेंदूच्या देठांतील श्रवणकेंद्रापर्यंत पोंचतात. त्यामुळें कांहीं माणसांच्या कानांतला गुणगुणाट मान वळविली किंवा दांत आवळले असतां कमीजास्त होतो. अशांना मानेचा सावकाश व्यायाम, शेक आणि बसण्याची नीट ठेवण यांनीं आराम पडूं शकतो. परंतु हा इलाज गुणगुणाटाचा, बहिरेपणाचा नव्हे.

दुसरा संबंध भीतीचा आहे. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून दोन रोहिण्या मेंदूकडे जातात आणि आंतल्या कानाचें रक्तही सामान्यतः त्यांच्याच शाखांतून येतें. मानेला अचानक हिसका बसला तर रोहिणीच्या आंतलें अस्तर फाटून तेथें गुठळी धरण्याचा संभव असतो. असें क्वचित घडतें. पण घडलें तर अर्धांगवायूपर्यंत मजल जाते. मान मोडून घेतल्यावर मानेंत एका बाजूस तीव्र कळ, भोंवळ, एकाचे दोन दिसणें, जीभ अडखळणें यांपैकीं कांहीं झालें तर तत्काळ इस्पितळ गांठावें.

परंतु झटक्याहूनही मोठें नुकसान वाया गेलेल्या वेळेचें होतें. आर्णीचेंच उदाहरण घ्या. अरुणावतीच्या कांठच्या या गांवीं कोणाचा एक कान सकाळीं उठतांच बंद झाला, तर घरांतील वडील मंडळी प्रथम कोमट तेल सुचवितील, शेजारी मान चोळणाऱ्याचें नांव सांगतील, आणि आठवडा कसा गेला हें कळणार नाहीं. कानांत मळ साचला असेल तर फारसें बिघडत नाहीं. पण श्रवणतंतूला किंवा आंतल्या कानाला इजा झाली असेल, तर स्टेरॉइड औषधांचा उपयोग पहिल्या कांहीं दिवसांत अधिक होतो. दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्यानें मावळते.

एक साधी खूण सांगतों. ओंठ मिटून 'हूं' असा सूर धरावा. तो बंद कानांत मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा मधल्या कानाचा दोष असतो. चांगल्या कानाकडे गेला तर आंतल्या कानाची शंका घ्यावी. ही खूण वैद्यकीय तपासणीची जागा घेत नाहीं. घाई किती करावयाची एवढेंच ती सुचविते. आर्णीकरांना यवतमाळ जवळ आहे. तेथें १९८९ सालीं स्थापन झालेलें श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून श्रवणमापन करून घ्यावें आणि तें त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं, करावें. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, तेथें ही गोष्ट सर्वांस ठाऊक असावी.

मान दुखत असेल तर मानेचा उपचार अवश्य करावा. तो जाणत्या माणसाकडून आणि हिसक्यावांचून करावा. ऐकूं येत नसेल तर मात्र आधीं कान तपासून घ्यावा. गेलेली मानेची कळ पुन्हां आली तरी ती परत घालवितां येते. गेलेलें ऐकणें परत आणण्यास फारच थोडे दिवस हातीं असतात.